बारोलो वाइन: चव, ताट आणि इतिहास

इटलीच्या एकीकरणाचा पाठ शिकताना आपण मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही तीन नावे एका दमात घेतो. यांपैकी मॅझिनी भारतीय वाचकाला विशेष जवळचा. लाला लजपतराय यांनी त्याचे चरित्र उर्दूत लिहिले, आणि त्याच्या आत्मचरित्राचे सावरकरांनी केलेले मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले. काव्हूर मात्र आपल्याकडे तह करणारा हिशेबी मुत्सद्दी एवढ्यावरच राहिला. हाच काव्हूर १८३२ ते १८४९ या काळात वायव्य इटलीतील ग्रिन्झाने या लहानशा गावाचा मेयर होता. गादीवर बसलेल्या राजांशी वाटाघाटी करण्यापूर्वी त्याने तिथे द्राक्षमळ्यांची आणि तळघरांतील पिंपांची घडी बसवण्यात बराच वेळ घालवला. त्या टेकड्यांवर तयार होणाऱ्या तांबड्या वाइनला पुढे बारोलो हे नाव मिळाले.

बारोलोविषयी आज जी पुस्तके आणि माहितीपत्रके मिळतात, त्यांत तिची चव निसर्गानेच ठरवून दिल्यासारखी वर्णिलेली असते, आणि तिच्यासोबत काय खावे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यासारखे सांगितलेले असते. प्रस्तुत पाठात आपण या दोन्ही समजुती तपासणार आहोत. बारोलोची आजची चव दोनशे वर्षांहून जुनी नाही. तिच्या ताटातील काही ‘पारंपरिक’ जोड्या तर शंभर वर्षांच्या आतबाहेरच्या आहेत. शिवाय ज्यांनी ही द्राक्षे पिकवली, त्यांच्या ताटाशेजारी ही वाइन क्वचितच असे. चव हा इतिहासाचा पुरावा म्हणून कसा वाचायचा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

द्राक्ष आणि टेकड्या

बारोलो हे मूळ एका गावाचे नाव. पीडमाँट प्रांतात, आल्बा शहराच्या दक्षिणेस लांगे नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे, त्यात हे गाव येते. आजच्या कायद्याप्रमाणे अकरा गावांच्या हद्दीतील वाइनलाच हे नाव लावता येते. ती केवळ नेब्बिओलो या एकाच जातीच्या द्राक्षापासून करावी लागते. या द्राक्षाचा लेखी उल्लेख १२६६ सालापासून, तुरिनजवळच्या रिव्होली येथील कागदपत्रांत सापडतो. ला मोर्रा गावाच्या १४३१ च्या नियमांत नेब्बिओलोच्या वेली तोडणाऱ्याला शिक्षा सांगितलेली आहे, म्हणजे तेव्हाही ही वेल मौल्यवान समजली जात होती. इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणजे धुके. काढणीच्या सुमारास टेकड्यांवर उतरणाऱ्या धुक्यावरून हे नाव पडले असे काही म्हणतात. पिकलेल्या द्राक्षावर जी पांढुरकी भुकटी दिसते तिच्यावरून ते आले, असे इतरांचे मत आहे.

नेब्बिओलो उशिरा पिकते, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढचा बराचसा इतिहास तिच्यातून निघतो. आसपासची इतर द्राक्षे काढून झाली तरी ही वेलीवरच असते आणि काढणी ऑक्टोबर उजाडल्यावर होते. तोवर थंडी पडू लागलेली असते. द्राक्षातील साखरेची दारू करण्याचे काम यीस्ट करते आणि त्याला ऊब लागते. तळघर गार पडले की ते काम अर्धवट थांबते आणि साखर वाइनमध्ये तशीच उरते. वसंतात पुन्हा ऊब आली की किण्वन परत सुरू होते आणि वाइनला बुडबुडे येतात.

याला साक्षीदारही आहे. थॉमस जेफरसन अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसला असताना एप्रिल १७८७ मध्ये तुरिनला आला होता आणि त्याने नेब्बिओलोची वाइन चाखली. त्याने तिच्या गोडीची तुलना मदेइराशी केली, तुरटपणाची बोर्दोशी आणि फसफसण्याची शॅम्पेनशी. वाइन त्याला आवडली. पण आजच्या बारोलोला फसफस नाही आणि साखर जवळजवळ नाही. जेफरसनच्या वर्णनातला फक्त तुरटपणा काय तो आज ओळखू येतो.

गोड वाइन कोरडी कशी झाली

‘कोरडी’ हा वाइनच्या परिभाषेतील शब्द आहे. जिच्यात साखर उरलेली नाही ती कोरडी. बारोलो कोरडी कोणी केली, याची जी कथा फार वर्षे सांगितली गेली ती अशी. बारोलोची मार्कीझ ज्युलिएट कोलबेर ही मूळची फ्रेंच. १८०६ मध्ये तिचे लग्न तिथल्या फाल्लेत्ती घराण्यात झाले. तिने किंवा काव्हूरने लुई ऊदार हा फ्रेंच वाइनतज्ज्ञ आणला आणि त्याने फ्रेंच पद्धतीने पहिली कोरडी बारोलो केली. कथा ऐकायला गोड आहे आणि तिच्यात फ्रान्सचा मोठेपणाही आहे.

अलीकडच्या संशोधनाने ती बरीच डळमळीत केली आहे. केरिन ओकीफ या लेखिकेने बारोलोवरील आपल्या पुस्तकात कागदपत्रांच्या आधारे मांडले की ऊदार हा मुख्यतः व्यापारी होता. खरे काम पाओलो फ्रान्चेस्को स्तालिएनो या पीडमाँटच्याच लष्करी अधिकाऱ्याकडे जाते. वाइन चांगली कशी करावी आणि टिकवावी यावर स्तालिएनोची पुस्तिका १८३५ मध्ये निघाली. पुढच्याच वर्षापासून तो ग्रिन्झाने येथे काव्हूरच्या तळघरांची व्यवस्था पाहू लागला. स्वच्छ भांडी, झाकून आंबवणे, किण्वन पुरते संपू देणे, असे त्याचे धोरण होते. मला हा दुसरा पक्ष पटतो. त्यामागे कागद आहे, आणि पहिल्यामागे प्रामुख्याने कीर्ती. तरी मार्कीझचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. आपल्या जमिनीतील वाइन तिने तुरिनच्या दरबारापर्यंत पोहोचवली. तुरुंगातील स्त्रियांसाठी केलेल्या कामामुळे तर ती आजही तिथे आठवली जाते.

तिच्याबद्दल एक दंतकथा आहे. ‘तुमची वाइन आम्हाला कधी चाखायला मिळणार?’ असे राजा कार्लो आल्बेर्तोने विचारले, तेव्हा तिने पिंपांनी लादलेल्या ३२५ गाड्या राजवाड्याकडे पाठवल्या. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ईस्टरपूर्वीच्या उपवासाचे चाळीस दिवस वजा केले की ३२५ उरतात. कथा खरी असो वा नसो, तिने एक गोष्ट नेमकी टिपली आहे. ही वाइन कॅथलिक वर्षाच्या पंचांगात बसलेली होती, आणि मांसाहाराचे दिवस तेच तिचे दिवस होते. राजघराण्यानेही मग या भागात जमिनी घेतल्या. कार्लो आल्बेर्तोने व्हेर्दुनोचा किल्ला विकत घेतला, आणि त्याचा मुलगा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याने सेर्रालुंगा येथे फोंतानाफ्रेद्दाची शेती घेतली. ‘राजांची वाइन आणि वाइनांचा राजा’ हे आज जाहिरातींत झिजून गेलेले बिरुद याच काळाशी जोडलेले आहे.

चांगली वाइन करण्याची ही धडपड हौसेपोटी नव्हती. पीडमाँटच्या वाइनचे मोठे गिऱ्हाईक शेजारचे लोंबार्दी होते आणि लोंबार्दीवर ऑस्ट्रियाचे राज्य होते. पीडमाँटने स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांताशी मिठाच्या व्यापाराचा करार केला. ऑस्ट्रियाने चिडून १८४६ च्या एप्रिलमध्ये पीडमाँटच्या वाइनवरील आयात जकात भरमसाट वाढवली. मळेवाले हवालदिल झाले, तुरिनमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध वातावरण तापले, आणि तोवर सावध वागणारा कार्लो आल्बेर्तो लोकांच्या नजरेत एकाएकी देशाभिमानी राजा ठरला. दोनच वर्षांनी ऑस्ट्रियाशी युद्ध झाले. युद्धाची कारणे अर्थातच कितीतरी मोठी होती. पण राष्ट्रवादाचा राग सामान्य शेतकऱ्याच्या खिशापर्यंत कसा जातो, हे समजायला वाइनवरची ही जकात उपयोगी पडते. वाइन टिकाऊ असेल, दूरच्या बाजारात पाठवता येईल, तर एकाच शेजाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागत नाही. गोड, अर्धवट आंबलेली, उन्हाळ्यात उफाळून येणारी वाइन प्रवासात टिकत नाही. कोरडी टिकते.

चव घेताना

आता पेल्याकडे वळू. बारोलो पाहिली की नवख्याची पहिली प्रतिक्रिया असते की हिचा रंग फिका आहे. नेब्बिओलोच्या सालीतील रंगद्रव्य फार काळ टिकणारे नसते. काही वर्षांत लाल रंग उतरत जातो आणि पेल्याच्या कडेला विटेसारखी नारिंगी झाक येते. फिका रंग म्हणजे पातळ वाइन, हा समज इथे साफ चुकतो. वासाचे वर्णन बहुतेक सगळे ‘डांबर आणि गुलाब’ असे करतात. ऐकायला विचित्र वाटते, पण सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि नुकत्याच डांबर टाकलेल्या रस्त्याचा मंद वास एकत्र कल्पून पाहावा. वाइन जुनी होत जाते तसे त्यात चामडे, तंबाखू, भिजलेली पाने असे वास मिसळत जातात.

तोंडात मात्र पहिल्यांदा जाणवतो तो तुरटपणा. मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. आपल्या षड्रसांत कषाय म्हणजे तुरट हा स्वतंत्र रस मानलेला आहे. सुपारी, आवळा, जांभूळ, कच्चे केळे यांनी जिभेला तो लहानपणापासून ओळखीचा असतो. पाश्चात्त्य शास्त्र तुरटपणाला मूळ चवींत धरत नाही, त्याची गणना स्पर्शात करते. वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे पडल्यासारखे होते. जांभळे खाल्ल्यावर जीभ जड होते, त्याच जातीचा हा अनुभव आहे. नेब्बिओलोत टॅनिन भरपूर असतात आणि सोबत आम्लताही कडक असते.

टॅनिन प्रथिनांना चिकटतात, हे समजले की अन्नाशी जोडी कशी जमते तेही समजते. कडक कोऱ्या चहात दूध घातले की त्याचा तुरटपणा मावळतो. दुधातील प्रथिने चहाच्या टॅनिनना धरून ठेवतात आणि लाळेच्या वाट्याला कमी येतात. मांस, जुने चीज, अंड्याचा बलक, लोणी हे पदार्थ बारोलोसाठी हेच काम करतात. घासागणिक वाइन मऊ होते, आणि तिची आम्लता तोंडातील तेलकटपणा धुऊन काढते. मिरचीशी मात्र तिचे जमत नाही. वाइनमधील दारूने मिरचीची जळजळ वाढते आणि त्यात तुरटपणा अधिकच बोचतो. पीडमाँटच्या जुन्या स्वयंपाकात तिखटपणा जवळजवळ नाही, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवलाच नाही. जोड्यांचे नियम वाचताना ते कोणत्या स्वयंपाकघरात तयार झाले, हे पाहावे ते यासाठी. तांबड्या रश्श्यासोबत बारोलो उघडणे म्हणजे दोघांचाही अपमान.

वाढताना ती साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसला असावी. भारतीय उन्हाळ्यातील खोलीचे तापमान म्हणजे हे नव्हे. बाटली आधी थोडी गार करावी लागते. तरुण बारोलो रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून तास-दोन तास हवा लागू द्यावी. फार जुनी असेल तर जपून, तळाचा गाळ मागे ठेवून, आयत्या वेळी ओतावी.

कोणाचे ताट?

बारोलोसोबत सांगितले जाणारे पदार्थ ठरलेले आहेत. वाइनमध्येच मुरवून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले गोमांस म्हणजे ‘ब्राझातो’, बलकांनी पिवळ्याधमक झालेल्या बारीक शेवया म्हणजे ‘तायारिन’, डोंगरातले कास्तेलमान्यो चीज, आणि शरद ऋतूत या सगळ्यांवर किसून घातलेली आल्बाची पांढरी ट्रफल. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी अतिशय महाग बुरशी आहे, तिला कुत्रे वासावरून शोधतात.

हे ताट सणाचे आणि बऱ्याचदा मालकाचे होते. लांगेतील शेतकरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विलक्षण गरीब होता. बेप्पे फेनोल्योच्या १९५४ च्या ‘ला मालोरा’ या कादंबरीत ही गरिबी दिसते. नूतो रेव्हेल्ली याने कूनेओ जिल्ह्यातील म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकून १९७७ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यातही ती आहे. मक्याचे पीठ शिजवून केलेली पोलेंता हे रोजचे जेवण. छताला दोरीने एक खारवलेला अँकोव्ही मासा टांगायचा आणि घरातल्या प्रत्येकाने आपला पोलेंतेचा तुकडा त्याला पुसून खायचा, ही आठवण तिथे अजून सांगितली जाते. रोज प्यायला असे ती दोल्चेत्तो किंवा बार्बेरा. नेब्बिओलोची द्राक्षे आल्बाच्या बाजारात दलालांमार्फत विकली जात आणि त्या पैशांतून वर्षाची देणी भागत. अँकोव्ही, लसूण आणि तेल यांचे ‘बान्या काउदा’ हे त्या भागातील सर्वांत आवडते खाणे बार्बेरासोबत खाल्ले जाते, बारोलोसोबत नाही. चवीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पुस्तकांत फक्त चवीचे कारण दिलेले असते आणि दलालाचा उल्लेख नसतो.

ट्रफलची गोष्ट आणखी अलीकडची. आल्बाची ट्रफल प्रसिद्ध केली ती जाकोमो मोर्रा या हॉटेलमालकाने. तिची जत्रा १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मोर्रा दर वर्षी उत्तमातली ट्रफल एखाद्या जगप्रसिद्ध व्यक्तीला भेट पाठवू लागला. १९४९ मध्ये ती अभिनेत्री रीटा हेवर्थला गेली, १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना. ट्रफल लोक आधीही खात होते, राजेही खात होते. पण ‘आल्बाची ट्रफल आणि बारोलो’ ही जोडी एका प्रदेशाची ओळख म्हणून जगापुढे ठेवली गेली ती विसाव्या शतकात, पर्यटकांसाठी. जोडी उत्तम आहे, यात वाद नाही. जुन्या, मवाळ झालेल्या बारोलोचा भिजल्या पानांचा वास आणि ट्रफलचा मातकट वास एकमेकांना ओळखतात.

दरम्यान मळे ओस पडत होते. १९४६ मध्ये आल्बात फेरेरोचा मिठाईचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे लांगेच्या गावोगावी फिरून कामगारांना आणणाऱ्या त्याच्या बसगाड्या निघाल्या. उतारावर कंबर मोडण्यापेक्षा कारखान्यातील पगार बरा, हे कोणालाही पटण्यासारखे होते. आज याच उतारांना युनेस्कोने २०१४ पासून जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे आणि जमिनीचे भाव सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर गेले आहेत.

पिंपांचे भांडण

१९६६ मध्ये बारोलोला नियंत्रित नावाचा कायदेशीर दर्जा मिळाला, १९८० मध्ये त्याहून वरचा. पण त्याच दशकात गावागावांत, घराघरांत भांडण पेटले. जुनी पद्धत अशी, की साली रसात महिना-दीड महिना ठेवायच्या आणि वाइन ओकच्या प्रचंड पिंपांत वर्षानुवर्षे मुरवायची. अशी बारोलो पहिली दहा वर्षे फार तुरट असते. काही तरुणांनी साली भिजवण्याचा काळ काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरची लहान नवी फ्रेंच पिंपे आणली. या पिंपाचे नाव ‘बारिक’. मराठी कानाला गंमत वाटेल, पण योगायोगाने ते मोठ्या पिंपांपुढे बारीकच असते. नव्या लाकडाने रंग गडद होतो, वाइनला व्हॅनिलाचा वास येतो आणि ती लवकर पिता येते. ला मोर्राच्या एलिओ आल्तारेने १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली आणि वडिलांनी त्याला वारशातून बेदखल केले. दुसऱ्या बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो हा जुन्या पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता. ‘नो बारिक, नो बर्लुस्कोनी’ असे त्याने बाटलीच्या लेबलवरच हाताने रंगवले.

या भांडणाला बहुधा चवीचा वाद म्हटले जाते. माझ्या मते मुळाशी प्रश्न होता तो वाइन कुठे प्यायली जाणार याचा. जुनी बारोलो जेवणाशिवाय पिणे अवघड, तिला ताट लागतेच. नवी बारोलो परीक्षकाच्या टेबलावर, चाळीस पेल्यांच्या रांगेत, एका घोटात छाप पाडू शकत होती, आणि अमेरिकन बाजारात गुण त्या घोटावर मिळत. मास्कारेल्लोची भीती रास्त होती. पण आल्तारेलाही सहज खोडून काढता येत नाही. त्याच्या पिढीने वडिलांना बाजारात द्राक्षे मातीमोल विकताना पाहिले होते. अस्वच्छ, कुजट वासाच्या जुन्या पिंपांना परंपरा म्हणायला ती तयार नव्हती. त्यातच १९८६ मध्ये इटलीत मेथॅनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसे मेली. त्यातील भेसळीचा माग पीडमाँटपर्यंत पोहोचला आणि निर्यात कोसळली. त्याच वर्षी याच टापूतील ब्रा गावचा कार्लो पेत्रीनी आणि त्याचे सहकारी यांनी खाद्यसंस्कृतीची जी संघटना उभी केली, तिच्यातून १९८९ मध्ये ‘स्लो फूड’ ही आंतरराष्ट्रीय चळवळ निघाली. आज दोन्ही गटांतील अंतर बरेच मिटले आहे. बहुतेक उत्पादक मोठ्या पिंपांकडे वळले आहेत, आणि ती पिंपे आता स्वच्छ असतात. कायद्यानुसार बारोलो किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ महिने लाकडात. पिंपाचा आकार कायदा ठरवत नाही.

जेवणाच्या शेवटी पीडमाँटमध्ये ‘बारोलो किनातो’चा लहान पेला देतात. सिंकोनाची साल, म्हणजे ज्यातून कोयनेल निघते ती, आणि दालचिनी, वेलदोडा यांसारखे मसाले घालून गोड केलेली ही बारोलो. तिच्या इतिहासात सेर्रालुंगाच्या जुझेप्पे काप्पेल्लानो या औषधविक्रेत्याचे नाव आवर्जून घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो ती औषध म्हणून विकत असे. सर्दी-खोकल्याला ती गरम करून देत. आज ती गडद चॉकलेटसोबत थंड पितात, आणि चाखणाऱ्याला तिच्यात जेफरसनच्या वेळची गोडी आणि स्तालिएनोच्या नंतरचा तुरटपणा एकाच घोटात सापडतो.